हळदीची पट्टी

मी भूगोलाच्या सरांना पहिली फाइल पाठवली, तेव्हा ते माझ्यापासून एका कपाटाच्या अंतरावर बसले होते. मधे लोखंडी कपाट, कपाटावर गुंडाळून ठेवलेले नकाशे आणि पलीकडे सर. मी नुकतीच म्हैसूरच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले होते आणि आमच्या दोन विषयांना मिळून एकच खोली होती. दोघांनी मिळून एक स्लाइड शो करायचा होता. माझा भाग मी ईमेलनं पाठवला आणि लगेच माझा मोबाइल वाजला.

"मॅडम, एक फाइल आलीय. तुम्ही पाठवलीत का?"

आवाज फोनमधून येत होता आणि कपाटावरूनही येत होता.

"हो सर, आत्ताच पाठवली."

"आत्ता म्हणजे आत्ताच, अल्वा? सकाळी नाही?" अल्वा म्हणजे, नाही का.

"आत्ताच, सर."

"तिसऱ्या स्लाइडवर काय आहे ते हेळी, सांगा बघू."

मी सांगलीची. आमच्याकडे कोणी असं विचारलं तर तिसऱ्या स्लाइडवर काय आहे ते सोडून त्याला दुसरंच काहीतरी ऐकवतात. पण नोकरी नवी होती, गाव नवं होतं. 'उसाच्या भावाचा तक्ता आहे,' असं मी निमूटपणे सांगितलं. पलीकडे माउसची टकटक झाली, थोडा वेळ गेला आणि मग फोनमधून आणि कपाटावरून एकदमच "आयतु!" असं ऐकू आलं. आयतु म्हणजे झालं. ओळख पटली, फाइल उघडली.

संध्याकाळी हूटगळ्ळीला घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "माझ्या शेजारी एक वल्ली बसते." तो म्हणाला, "वल्ली नाही, बरोबर आहे तो माणूस. आमच्या फॅक्टरीत अशी दोन माणसं हवीत." नवऱ्यांना दुसऱ्यांच्या ऑफिसातले विक्षिप्त लोक नेहमीच आवडतात. त्यांना कपाटापलीकडून फोन येत नाहीत ना.

सरांचा नियम साधा होता. फाइल कोणाचीही असो, आधी फोन करायचा, पाठवलंत का विचारायचं आणि मगच उघडायची. प्रिन्सिपॉलांची फाइल आली तरी फोन. विद्यापीठाचं परिपत्रक आलं तरी फोन, आणि तिथला कारकून वैतागला की त्याचंच नाव विचारून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "सर, फोन कशाला? उलट ईमेल करून विचारा की." त्यावर ते माझ्याकडे फार दयेनं बघायला लागले.

"चोर घरात शिरलाय. तुम्ही बेल वाजवून त्यालाच विचारणार, 'बाबा, मालक तूच का?' तो काय म्हणेल?"

सरांचं हे असंच होतं. बोलणं विचित्र वाटायचं, हसू यायचं आणि मग घरी जाताना बसमध्ये लक्षात यायचं की त्यात चूक काहीच नव्हती.

बाहेरून आलेली फाइल उघडली की वर एक पिवळी पट्टी येते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ही फाइल इंटरनेटवरून आली आहे, जपून राहा, बदल करायचे नसतील तर अशीच बघा, असं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं असतं आणि शेवटी एक बटण असतं. आपण सगळे ते बटण दाबून मोकळे होतो. रस्त्यावरच्या पाटीकडे बघावं तेवढंही आपण त्या पट्टीकडे बघत नाही. सर मात्र ती पट्टी प्रत्येक वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचे. पिवळीला ते 'हळद' म्हणायचे. कधी कधी लाल पट्टी येते, तिला 'मिरची'. त्यांनी एक म्हणच करून ठेवली होती: हळद लागली तर डाग, मिरची लागली तर आग. पुढे पुढे आमच्या कॉलेजात सगळेच तसं बोलायला लागले. "माझ्या फाइलला हळद लागली," असं आमच्या एका अविवाहित प्राध्यापिका एकदा स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणाल्या आणि दोन जणींनी त्यांचं अभिनंदन केलं.

सर दिसायला किरकोळ होते. कपाळ मोठं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि खिशात कायम स्वतःचं कुलूप. कॉलेजच्या कपाटाला कॉलेजचं कुलूप असायचंच, त्याच्या जोडीला ते आपलं लावत. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण भूगोल शिकवायला नवीन माणूस मिळेना म्हणून कॉलेजनं त्यांना ठेवून घेतलं होतं. जयलक्ष्मीपुरममध्ये विद्यापीठाच्या बाजूला त्यांचं घर होतं. बायको काही वर्षांपूर्वी गेली होती, सर एकटेच राहत. दाराला साखळी होती आणि बेल वाजली की साखळी न काढता आतून तीन प्रश्न यायचे, "यारु? एल्लिंद? एनु?" कोण, कुठून, काय काम? पोस्टमन असो की शेजारीण, तिन्हींची उत्तरं दिल्याशिवाय साखळी निघायची नाही. वरुणा गावाहून मोटरसायकलवर दूध घेऊन येणारा गौडा इतका सरावला होता की तो बेल वाजवायच्या आधीच ओरडायचा, "गौडा, वरुणा, हालु!" गल्लीतली पोरं खेळताना एकमेकांना तसं ओरडून चिडवायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण सरांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. त्यांना कोणी फसवलेलं नव्हतं, लुबाडलेलं नव्हतं. मग हे सगळं आलं कुठून?

ते मला एका दुपारी कळलं. मी त्यांना गमतीनं म्हटलं होतं, "सर, तुम्ही मागच्या जन्मी जकात नाक्यावर असणार."

"मागच्या जन्मी कशाला? आमच्या आजोबांपासूनचं हे."

सरांचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या म्हैसूरला राहिलेलं. मूळचे रंगारी, कापड रंगवणं आणि छापणं हा धंदा. आजोबांच्या हाताची नखं मरेपर्यंत निळी होती, असं सर सांगायचे. त्या धंद्यात रंगाच्या हंड्यात एका वेळी बऱ्याच घरची कापडं पडत. त्यातलं एखादं आधीच कोणी कच्च्या रंगात बुडवलेलं असलं, तर त्याचा रंग सुटायचा आणि हंड्यातली सगळी कापडं वाया जायची.

"म्हणून आजोबा कापड घ्यायच्या आधी विचारायचे. कोणाचं? कुठून आणलं? आधी कोणी रंगवलं का? लोक चिडायचे की! 'रंगवायचं तर रंगवा, सुम्ने, उगीच चौकशी कशाला?' पण आजोबा म्हणायचे, तुझं कापड एकट्याचं नाही रे बाबा. माझ्या हंड्यात गावाचं कापड आहे. आणि मग एक कोपरा भिजवून बघायचे. अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. सरांचं बोलणं संपलं की ते हा शब्द ठेवायचे. त्यांचं मराठी माझ्यासारखं नव्हतं. घरातलं, जुनं, जागोजागी कन्नड शिंपडलेलं. मला ते 'पुस्तकातल्या मराठीवाल्या' म्हणत. मी 'तथापि' म्हटलं की खूश व्हायचे आणि दिवसभर उगीचच 'तथापि, तथापि' करत फिरायचे.

त्यांच्या या वागण्याचा त्रासही व्हायचा, हे सांगायला हवं. एकदा कॉलेजात तपासणी समिती आली. प्रिन्सिपॉलांचा स्लाइड शो होता. आमच्याकडे दर वर्षीचा स्लाइड शो आदल्या वर्षीच्या फाइलवरून बनायचा. साल बदलायचं, दोन फोटो बदलायचे, झालं नवीन. प्रिन्सिपॉलांनी फाइल उघडली आणि भल्या मोठ्या पडद्यावर मधोमध एक चौकट आली. या फाइलमध्ये दुसऱ्या फाइलींचे दुवे आहेत, दुवे ताजे करू की रद्द करू, अशी. पाहुणे समोर बसलेले, गळ्यात हार. प्रिन्सिपॉल घाईघाईनं काहीतरी दाबणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "थांबा! वाचल्याशिवाय हो म्हणू नका!"

सर पुढे आले. त्यांनी ती चौकट पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचली. मग एकेक स्लाइड तपासायला घेतली. कुठल्यातरी आलेखाचे आकडे त्या फाइलमध्ये नव्हतेच, दुसऱ्याच एका तक्त्यात होते आणि तो तक्ता ज्या कॉम्प्युटरवर होता तो केव्हाच भंगारात गेला होता. वर्षानुवर्षं फाइलची नक्कल होत आली, त्याबरोबर तो दुवाही आला. फाइल उघडली की ती त्या मेलेल्या कॉम्प्युटरला शोधायची आणि सापडला नाही की विचारायची. सरांनी फाइलच्या माहितीत जाऊन दुव्यांची यादी काढली आणि तो दुवा तोडला.

"आता विचारणार नाही," ते पाहुण्यांना समजावून सांगू लागले. "दुवा तोडला की चित्र जसं होतं तसं राहतं. पुन्हा बदलत मात्र नाही."

पाहुण्यांना यात काडीचा रस नव्हता. त्यांची कॉफी गार झाली होती. प्रिन्सिपॉलांचा चेहरा बघवत नव्हता. समिती गेल्यावर त्यांनी सरांना सांगितलं, की पुढच्या वेळी आपण घरीच विश्रांती घ्यावी. सर हो म्हणाले. खोलीत येऊन मला म्हणाले, "चुकलं का माझं काही?" मी म्हटलं, "चुकलं नाही सर, पण जरा अति झालं." अति तिथे माती, हे त्यांना माझ्याआधी आणखी एका माणसानं सांगितलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

साधारण त्याच सुमारास त्यांचे मला येणारे फोन बंद झाले. मी फाइल पाठवायची, पलीकडे टकटक व्हायची, बस. दोन-तीनदा असं झाल्यावर मी उठून कपाटाच्या पलीकडे गेले. "सर, विचारलं नाहीत?"

"तुम्ही आता 'घरचे' झालात."

त्यांनी कॉम्प्युटरवर 'घरचे' नावाचं एक फोल्डर केलं होतं. ते विश्वासाचं फोल्डर म्हणून एकदा नोंदवून ठेवलं, की त्यात टाकलेल्या फाइलला हळद लागत नाही. एखादीच फाइल असली तर तिच्या नावावर उजवं बटण दाबून, तिच्या माहितीत तळाशी एक छोटा चौकोन असतो, त्यात खूण केली तरी भागतं. हे सगळं सरांनी मला हौसेनं करून दाखवलं. सूचना येऊ नये म्हणून काय काय करता येतं, हे त्या कॉलेजात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. 'घरचे'मध्ये फार माणसं नव्हती आणि त्यात मी होते. मला बरं वाटलं. आणि खरं सांगायचं, तर पुढे काही दिवस मला तो फोन न आल्याचं चुकल्यासारखंही वाटत राहिलं.

दसऱ्यात त्यांनी मला घरी बोलावलं. बेल वाजवली, तीन प्रश्न आले, मी तिन्ही उत्तरं दिली. घरचं असणं कॉम्प्युटरपुरतं होतं. दारात साखळी सगळ्यांनाच.

म्हैसूरला दसऱ्यात घराघरांत पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. गोंबे म्हणतात त्यांना. सगळ्यांत वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणीची जोडी असते, तिला सगळ्यांत मान. आईवडिलांनी मुलीला लग्नात ही जोडी द्यायची आणि मुलीनं सासरी नेऊन पायऱ्या मांडायच्या, अशी तिकडची पद्धत आहे. मराठी घरांनीही ती कधीचीच उचलली आहे. सरांच्या घरी पायऱ्या नव्हत्या. एका स्टुलावर पांढरं फडकं घालून त्यावर नुसती जोडी ठेवली होती. नवी होती, लाकडाचा तांबूस रंगही उतरला नव्हता. भिंतीवर एका मुलीचा पदवी घेतानाचा फोटो होता.

"ही जोडी पुट्टीची," सर म्हणाले. पुट्टी म्हणजे त्यांची मुलगी. "घेऊन ठेवली होती. द्यायची राहिली."

मग त्यांनीच सांगितलं. मुलीनं लग्न ठरवलं होतं. मुलगा चांगला होता, हे सरांनाही दिसत होतं. पण सर ते सरच. त्यांनी मुलीच्या नकळत मुलाच्या ऑफिसात फोन केला. त्याच्या घरमालकाला फोन केला. तो शिकला त्या कॉलेजला फोन करून तो खरंच तिथे होता का, ते विचारलं. सगळीकडून उत्तरं बरोबर आली. आणि शेवटी हे सगळं फिरून मुलीच्या कानावर गेलं.

"ती ओरडली असती तर बरं होतं की. ओरडली नाही. म्हणाली, 'अप्पा, मी सांगितलेलं तुम्हाला पुरलं नाही?' अष्टेच म्हणाली. मंगळूरला जाऊन लग्न केलं. मला पत्रिका आली, पोस्टानं."

"तुम्ही गेला नाहीत?"

"पोस्टानं आलेल्या पत्रिकेवर कसं जायचं?"

बोलचाल तेव्हापासून बंद. म्हैसूर ते मंगळूर, सकाळी बसलात तर दुपारपर्यंत पोचता. पण अबोल्याला बस नसते. मी त्या जोडीकडे बघत राहिले. मग कॉफी चांगली झालीय म्हटलं. कॉफी कडू होती.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. श्रावण असेल. दुपारचे तास संपले होते, मी उत्तरपत्रिका तपासत होते. पलीकडे बराच वेळ टकटक नाही, वाचणं नाही, काहीच नाही. सर गेले की काय असं वाटून मी कपाटाच्या बाजूनं डोकावले. सर पडद्याकडे बघत बसले होते. चष्मा हातात होता.

"मॅडम, स्वल्प इकडं या."

ईमेल होता. वर पाठवणाऱ्याचं नाव मुलीचं. खाली इंग्रजीत एकच ओळ, माझे फोटो पाहा. सोबत स्लाइड शोची एक फाइल. सरांनी ती फोन न करताच उघडली होती, पण पिवळ्या पट्टीपर्यंतच. पट्टीखाली एकच स्लाइड दिसत होती. तिच्यावर चार फोटो होते, मुद्दाम धूसर केलेले, आणि मधोमध लिहिलं होतं, फोटो स्पष्ट दिसण्यासाठी वरचं बटण दाबा.

"हे काय दिसतंय?" सरांनी एका फोटोवर बोट ठेवलं. धुरकट रंगात एक लहान गोल होता, त्याभोवती काहीतरी पांढरं. "डोकं वाटतं, अल्वा? बाळाचं?"

मला ते डोकंही वाटत होतं आणि काहीच वाटत नव्हतं.

"असेल सर."

"मला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण?"

त्यांचा हात माउसवर होता. त्या बटणावर बाण नेऊन ठेवलेला होता. ज्या माणसानं आयुष्यात ते बटण विचारल्याशिवाय दाबलं नाही, त्याचं बोट माउसच्या कळीवर टेकलं होतं. मला एकदम भीती वाटली. मी म्हटलं, "सर, फोन करा ना. तुमचाच नियम आहे. आधी फोन."

सर माझ्याकडे बघायला लागले. इतकं असहाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"काय विचारू? तू पाठवलंस का? मी विचारलं म्हणूनच गेली ना ती. इतक्या वर्षांनी पोरीनं आपण होऊन फोटो पाठवलेत. आणि मी परत तेच विचारू? खरंच तूच का म्हणून?"

दाबावं तर नियम मोडतो, न दाबावं तर ते बाळ तसंच धुरात राहतं, विचारावं तर पोरीचं मन पुन्हा मोडतं. बाहेर कॉलेजच्या मैदानात मुलं व्हॉलीबॉल खेळत होती, त्यांचा आरडाओरडा येत होता.

मग सरांनी चष्मा घातला आणि पट्टी वाचायला सुरुवात केली. नेहमीसारखी, पहिल्या शब्दापासून, मोठ्यानं. शेवटपर्यंत वाचली. खालची इंग्रजी ओळही वाचली. थांबले.

"ह्यात अप्पा कुठं नाही," ते म्हणाले. "तिनं मला अप्पा म्हटल्याशिवाय कधी एक चिठ्ठी लिहिली नाही. रागातसुद्धा नाही."

त्यांनी फोन उचलला. नंबर बघावा लागला नाही. मी बाहेर जायला निघाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. एकटं राहायची त्यांना भीती वाटली असावी. फोन समोर टेबलावर ठेवून त्यांनी स्पीकर लावला.

"हलो?" पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी अप्पा."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, ठेवला.

"पुट्टी, रागावू नको. एक फाइल आलीय, तुझ्या नावाची. फोटो आहेत. तू... तू पाठवलंस का?"

सरांनी डोळे मिटून घेतले होते. मग पलीकडून एक विचित्र आवाज आला. हसते की रडते ते कळेना.

"अय्यो अप्पा, अजून तसेच आहात तुम्ही."

"तसाच आहे ग. काय करू."

"मी नाही पाठवलं. कोणीतरी माझा ईमेल फोडलाय. कालपासून सगळ्यांना तीच फाइल जातेय. ऑफिसात, मैत्रिणींना, सासरी. सगळ्यांनी उघडली अप्पा. सगळ्यांनी ते बटण दाबलं, सगळ्यांचे कॉम्प्युटर बिघडले, सगळे मला ओरडतायत." तिचा आवाज फुटला. "विचारलं कोणीच नाही. तुम्ही एकट्यानंच विचारलंत."

सरांनी हळू आवाजात विचारलं, "मग ते बाळ?"

"कुठलं बाळ? ते फोटो माझे नाहीतच, अप्पा."

"बाळ नाही?"

"नाही अप्पा. मी आहे की."

मी तेव्हा मात्र बाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहून मुलांचा खेळ बघितला आणि पदराला डोळे पुसले. परत आले तेव्हा सर फोनवर तिला सगळे पासवर्ड कसे बदलायचे ते समजावून देत होते, पहिल्यापासून, एकेक पायरी आणि प्रत्येक पायरीनंतर "आयतु?" असं विचारत होते. पलीकडून "आयतु, अप्पा" येत होतं. ती फाइल त्यांनी नंतर पुसून टाकली. पुसताना म्हणाले, "चोर आहे, पण माझं काम करून गेला."

दसऱ्यात तिची खरीखुरी फाइल आली. वर पिवळी पट्टी. सरांनी फोन केला. तू पाठवलंस का? पाठवलं. तिसऱ्या स्लाइडवर काय आहे? तिनं सांगितलं, उघडून बघा. ही बहुधा पहिलीच वेळ असेल, की सरांनी हे उत्तर चालवून घेतलं. तिसऱ्या स्लाइडवर तिच्या घरातल्या पायऱ्या होत्या. बाहुल्या सुरेख मांडल्या होत्या आणि सगळ्यांत वरची पायरी रिकामी होती. नुसतं पांढरं फडकं घातलेलं होतं.

"वर का काही नाही?" सर फोनवर म्हणाले.

"दर वर्षी तशीच ठेवते. जोडी तुमच्याकडं आहे ना."

दुसऱ्या दिवशी सरांनी रजा टाकली. मंगळूरच्या बसमध्ये त्यांना बसवायला मी गेले होते. जोडी धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं ते गाठोडं वर ठेवा म्हटलं, तर सरांनी त्याला विचारलं, "वर अजून कोणाकोणाचं सामान आहे?" बस सुटेपर्यंत जोडी मांडीवरून हलवली नाही.

त्यानंतर मुलगी दर आठवड्याला फाइल पाठवायची. घराचे फोटो, समुद्राचे, जावई मासळी निवडताना, काहीही. मोबाइलवर क्षणात गेले असते, पण ती स्लाइड शोच करून ईमेलनं पाठवायची. असं का, हे मला फार उशिरा कळलं. दर वेळी पट्टी यायची. दर वेळी सर फोन उचलायचे. तू पाठवलंस का? केव्हा? तिसऱ्या स्लाइडवर काय आहे? आणि मग तासभर बोलणं. माझ्या उत्तरपत्रिका त्या बोलण्यात कितीदा चुकल्या असतील.

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सांगलीला परत आलो. सर आता नाहीत. त्यांची आठवण आली की मला एकच दुपार दिसते, तिथून निघायच्या आधीची. मुलीची फाइल आली होती, सर चष्मा शोधत होते. माझ्या मनात आलं, जाता जाता म्हाताऱ्याची एक कटकट कमी करावी. मी त्यांच्या टेबलाशी गेले, माउस हातात घेतला आणि म्हटलं, "सर, ती आता घरचीच ना? तिची फाइल 'घरचे'मध्ये टाकते. म्हणजे हळद लागायची नाही, दर वेळी विचारायला नको."

सरांनी माझा हात धरला. हळूच माउसवरून बाजूला केला.

"बेडा मॅडम, नको," ते म्हणाले. "विचारू दे की."

आणि फोन उचलून नंबर फिरवायला लागले.